गोल्फ क्लबचे हेड कुठे तडकते आणि का

सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रकल्पाबद्दल प्रश्न विचारला आहे. त्यांनी ७ नंबरच्या आयर्नचे, म्हणजे मध्यम अंतराच्या फटक्यांसाठीच्या धातूच्या गोल्फ क्लबचे, हेड संगणकावर रेखाटले. विश्लेषणात होझेलच्या, म्हणजे दांडा ज्या नळीत बसतो तिच्या, मुळाशी सर्वाधिक स्ट्रेस (धातूच्या आत दर क्षेत्रफळावर येणारे बल) दिसला, म्हणून त्यांनी होझेलचा बाहेरचा व्यास १३.५ मिलिमीटरवरून १४.३ केला. एकूण वजन तेवढेच राहावे यासाठी फेसची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या भागाची, जाडी २.४ मिलिमीटरवरून १.९ वर आणली आणि १७-४ पीएच स्टेनलेस स्टीलमध्ये लॉस्ट वॅक्स पद्धतीने, म्हणजे मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा करून आणि मेण वितळवून काढून, हेड ओतून घेतले. जाळीत चेंडू मारून चाचणी घेताना सुमारे दोनशे फटक्यांनंतर फेसवरच्या सर्वांत खालच्या खाचेतून आडवी चीर गेली. होझेलला मात्र काहीही झाले नाही. त्यांचा प्रश्न असा की, जिथे स्ट्रेस जास्त दिसला तिथे धातू वाढवला असताना हेड भलतीकडेच का तडकले, आणि हेडच्या रचनेवर त्याची मजबुती नेमकी कशी अवलंबून असते?

मी कुपवाड एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचे, म्हणजे याच लॉस्ट वॅक्स पद्धतीच्या ओतकामाचे, काम करतो आहे आणि त्यांतील काही वर्षे आयर्न आणि पटरची हेड्स ओतण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, तुमच्या हेडच्या तडकण्याला कारण एक नाही. तीन गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या आहेत. त्यांतली पहिली गोष्ट हेडमध्ये नसून तुमच्या विश्लेषणात आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

तुम्ही होझेल घट्ट धरून ठेवले आणि फेसच्या मध्यावर स्थिर बल लावले, हे तुमच्या आकृतीवरून दिसते. वर्कशॉपमध्ये वाइसमध्ये पकडलेल्या वस्तूसाठी ही मांडणी बरोबर ठरली असती. क्लबचा चेंडूशी संपर्क मात्र साधारण अर्धा मिलिसेकंदच टिकतो. दांडा हलका आणि लवचीक असतो. फटक्याची खबर त्याच्यातून हातापर्यंत पोहोचून परत येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे त्या अर्ध्या मिलिसेकंदात हेड हे हवेत मोकळ्या फिरणाऱ्या वस्तूसारखेच वागते आणि त्याला मागून कोणीही धरलेले नसते. तुम्ही त्याला होझेलपाशी धरल्यामुळे फेसवरचे सगळे बल पीळ आणि वाकण या रूपाने होझेलच्या मुळातून वाहिले, आणि संगणकाने तिथे लाल रंग दाखवला. संगणकाने दिलेले उत्तर बरोबरच होते, परंतु ते प्रत्यक्षात न घडणाऱ्या फटक्याचे होते.

हा हिशेब हातानेही करून पाहता येतो. नियमानुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. ७ नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू सेकंदाला ५० मीटर वेगाने निघाला असे धरले, तर त्याला मिळालेला संवेग सुमारे २.३ न्यूटन-सेकंद होतो. तो अर्ध्या मिलिसेकंदात मिळाला, म्हणजे सरासरी बल ४,६०० न्यूटन आणि कमाल बल त्याच्या सुमारे दीडपट, साधारण ७,००० न्यूटन. सातशे किलोचे ओझे क्षणभर फेसवर ठेवावे, तसा हा प्रकार आहे. आता होझेलकडे पाहा. सुमारे २६८ ग्रॅमचे हेड हा संवेग चेंडूला देताना सेकंदाला साधारण साडेआठ मीटरने मंदावते. होझेलचे स्वतःचे वजन ४५ ग्रॅम धरले, तर त्याला तितकेच मंदावण्यासाठी मुळापाशी सरासरी ७७० न्यूटन बल पुरते. म्हणजे तुम्ही जितके बल होझेलमधून वाहू दिले, त्याचा जेमतेम सहावा हिस्सा प्रत्यक्षात तिथे येतो. पुन्हा विश्लेषण कराल तेव्हा हेड मोकळे सोडा, त्याला वेग द्या आणि चेंडू लवचीक गोळा म्हणून समोर ठेवा. ते जमणारे नसेल तर निदान इनर्शिया रिलीफची (हेड कुठेही न धरता त्याच्या जडत्वानेच बल तोलण्याची) सोय वापरून स्थिर विश्लेषण करा.

होझेल कसेही चालेल, असा मात्र याचा अर्थ नाही. फटका चुकून क्लब दगडावर किंवा कडक जमिनीवर आदळला, तर तो संपर्क जास्त वेळ टिकतो आणि होझेलवर खरा भार येतो. शिवाय लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) खेळाडूप्रमाणे जुळवण्यासाठी होझेल थंड अवस्थेतच एक-दोन अंश वाकवले जाते. मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज केलेले हेड त्या वेळी सहज वळते. कडक केलेले १७-४ पीएच मात्र हट्टी असते आणि होझेलच्या मुळाशी कोपरा धारदार असेल तर तिथेच मोडते. तेव्हा होझेलची काळजी व्यास वाढवून न घेता मुळाशी मोठी गोलाई देऊन घ्यावी. ०.८ मिलिमीटरने व्यास वाढवून तुम्ही तिथे सुमारे सात ग्रॅम धातू खर्च केला, आणि तोही हेडच्या टाचेकडे, जिथे वजन वाढले की गुरुत्वमध्य फेसच्या मध्यापासून दूर सरकतो.

ते सात ग्रॅम तुम्ही फेसमधून काढले आणि खरी हानी तिथे झाली. फेस ही कडेने धरलेली आणि मध्यावर दाबलेली पातळ प्लेट आहे. अशा प्लेटमधला वाकण्याचा स्ट्रेस जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि वाकण जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. २.४ चे १.९ केल्यावर स्ट्रेस सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि फेसचे आत दबणे दुप्पट झाले. त्यावर खाचा आहेत. खाचेची खोली तुम्ही ०.४५ मिलिमीटर ठेवली आहे. नियमाची कमाल मर्यादा ०.५०८ आहे, त्यामुळे खेळाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण खाचेखाली उरलेला धातू पूर्वी १.९५ मिलिमीटर होता, तो आता १.४५ वर आला. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर स्ट्रेस १.८ पट झाल्याचे दिसते, आणि यात खाचेच्या तळाच्या कोपऱ्याचा परिणाम अजून धरलेला नाही.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली धातूचे आयुष्य स्ट्रेसच्या प्रमाणात सरळ घटत नाही. पोलादासाठी ते स्ट्रेसच्या साधारण आठव्या ते बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. १.८ चा दहावा घात साडेतीनशेच्या वर जातो. जे हेड दहा-वीस हजार फटके सहज सोसले असते ते दोनशे फटक्यांत का गेले, याचे उत्तर बरेचसे या एका गुणाकारात आहे. मजबुतीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकाच फटक्यात मोडण्याचा विचार करतो, परंतु क्लबहेड एका फटक्यात क्वचितच मोडते. ते थकून मोडते, आणि थकव्याची सुरुवात एखाद्या लहानशा जागेवर होत असते.

ती जागा सर्वांत खालची खाचच का ठरली, हा या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. चेंडू लागला की फेसचा मध्य आत दबतो. मध्यावर पाहिले तर समोरचा पृष्ठभाग दाबाखाली असतो आणि मागचा, पोकळीकडचा पृष्ठभाग ताणाखाली. पण प्लेट जिथे जाड सोलला, म्हणजे हेडच्या तळाला, जोडली जाते त्या कडेला हे चित्र उलटते. तिथे समोरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि मागचा दाबला जातो. घट्ट धरलेल्या प्लेटमध्ये कडेचा हा ताण मध्यावरच्या ताणाच्या जवळपास जातो, कधी त्याहून जास्तही होतो. फेसच्या मधल्या भागातल्या खाचा फटक्याच्या वेळी दाबाखाली मिटू पाहतात, म्हणून त्या तितक्या घातक नसतात. सर्वांत खालची खाच मात्र नेमकी त्या पट्ट्यात येते जिथे समोरचा पृष्ठभाग ताणला जातो, त्यामुळे ती प्रत्येक फटक्याला उघडते. त्यातच आयर्नने मारलेले बरेचसे फटके मध्याच्या खाली, सोलच्या जवळ लागतात, त्यामुळे हाच पट्टा सर्वाधिक वापरातही असतो.

म्हणून मी हेड हातात घेतले की फेस किती जाड आहे हे नंतर पाहतो. जाडी कुठे आणि किती घाईने बदलते हे आधी पाहतो. जाड सोलमधून पातळ फेसमध्ये जाताना आतला कोपरा धारदार असेल तर तिथला स्ट्रेस दुप्पट-तिप्पट होतो. त्याच ठिकाणी पातळ बाजूच्या जाडीच्या निम्म्याइतकी गोलाई दिली की ती वाढ वीस टक्क्यांच्या आसपास येते. एखाद्या ग्रॅम धातूत एवढा फरक पडतो, आणि तेवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही जागी इतक्या कमी वजनात मिळत नाही. आपल्याकडच्या लोहाराने घडवलेला टिकाव पाहिलात तर नेढ्याच्या दोन्ही बाजूंना धातू हळूहळू उतरत गेलेला दिसेल. त्याने प्लेटचे सूत्र वाचलेले नसते, पण नेढ्याचा कोपरा धारदार ठेवला तर टिकाव पहिल्याच पावसाळ्यात परत येतो, हे त्याला ठाऊक असते.

आता ओतकामाकडे येतो, कारण तिसरे कारण तिथे आहे. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना उभा राहिला तेव्हापासून या भागाला ओतकाम परके नाही. पण पंपाच्या केसिंगसारख्या जाड भिंतीच्या कामाची सवय पातळ फेसच्या हेडला जशीच्या तशी लागू करता येत नाही. सिरॅमिक शेलमध्ये, म्हणजे मेणाभोवती तयार केलेल्या साच्यात, धातूचा रस ओतल्यावर पातळ फेस आधी गोठतो, जाड सोल नंतर. गोठताना आकुंचन पावणाऱ्या सोलला रस हवा असतो. तो गेटमधून, म्हणजे रस हेडमध्ये शिरण्याच्या वाटेतून, मिळाला नाही तर सोल तो शेजारून ओढतो आणि शेवटी जिथे रस संपतो तिथे बारीक पोकळ्या राहतात. ती शेवटची जागा बहुधा फेस आणि सोल यांच्या सांध्याच्या आत असते, कारण दोन भिंती मिळतात तिथे उष्णता साठून राहते. म्हणजे ज्या सांध्यावर वाकण्याचा स्ट्रेस सर्वाधिक, त्याच सांध्यात श्रिंकेजची पोरॉसिटी, म्हणजे आकुंचनाने राहिलेल्या बारीक पोकळ्या. आमच्या सुरुवातीच्या एका लॉटमध्ये नेमके हेच झाले होते. गेट होझेलच्या टोकाला दिला होता आणि रस फेसमधून सोलपर्यंत पोहोचेल असे आम्ही गृहीत धरले होते. बाहेरून हेड आरशासारखे पॉलिश झाले, एक्स-रे काढल्यावर मात्र सोलच्या कडेने राखाडी ठिपक्यांची रांग दिसली. गेट थेट सोलवर आणल्यावर ती रांग नाहीशी झाली. गेट कापून ग्राइंडिंग करण्याचे काम वाढले, पण त्याला इलाज नव्हता.

वर सांगितलेल्या गोलाईचा ओतकामालाही उपयोग होतो, कारण धारदार कोपऱ्यात शेलची कड तापून राहते. मात्र गोलाई फार मोठी केली तर सांध्यात धातूचा गोळा तयार होऊन पोकळी पुन्हा उद्भवते. अशा वेळी जाडी उतरत नेणे जास्त चांगले: सोलपासून फेसकडे सात-आठ मिलिमीटर अंतरात जाडी हळूहळू कमी होऊ द्यावी.

उष्णतोपचाराबद्दल तुम्ही लिहिले आहे की, जास्तीत जास्त कडकपणा मिळावा म्हणून एच ९०० ही अवस्था निवडली. सुमारे ४८२ अंश सेल्सिअसला एजिंग केल्यावर, म्हणजे त्या तापमानाला काही वेळ ठेवून कडक केल्यावर, १७-४ पीएचची ताणशक्ती १,३०० मेगापास्कलच्या वर जाते, हे खरे. पण त्या अवस्थेत ते आघाताला सर्वांत कमी चिवट असते, आणि पोकळ्या राहिलेल्या ओतीव धातूत चिवटपणा कमी असणे अधिकच महागात पडते. एजिंग ५५० अंशांच्या आसपास केले तर ताणशक्ती १,०७० मेगापास्कलच्या जवळपास येते, पण चीर पुढे जायला धातू बराच विरोध करतो. दुसरी गोष्ट, उष्णतोपचाराने धातूचा ताठरपणा बदलत नाही. फेस किती आत दबेल हे आकार आणि जाडी यांवर ठरते. भट्टीने त्यात काही फरक पडत नाही. ताठरपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो आणि दर वर्षी पुन्हा सांगावे लागते.

तुम्ही पुढे ड्रायव्हरबद्दलही, म्हणजे सर्वांत लांब फटका मारण्याच्या क्लबबद्दलही, विचारले आहे. तिथे हाच प्रश्न अधिक टोकाला जातो. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने स्टेनलेस स्टीलचा पोकळ वुड (ड्रायव्हरच्या जातीचा मोठ्या हेडचा क्लब) बाजारात आणला, त्याआधी ही हेड्स पर्सिमनच्या लाकडाची असत. स्टीलमध्ये हेड मोठे करायला मर्यादा होती, ती का, हे एका हिशेबाने कळते. आजच्या नियमात ड्रायव्हरचे आकारमान कमाल ४६० घन सेंटीमीटर आहे. तेवढ्या आकारमानाचा पूर्ण गोल धरला तरी त्याचा पृष्ठभाग सुमारे २८८ चौरस सेंटीमीटर होतो. हेडचे वजन २०० ग्रॅम असते. स्टीलमध्ये त्याची सरासरी जाडी ०.९ मिलिमीटरही येत नाही, आणि त्यातूनच फेस, सोल आणि होझेल काढायचे असतात. टिटॅनियमच्या ६-४ मिश्रधातूची घनता घन सेंटीमीटरला ४.४३ ग्रॅम असल्याने तीच सरासरी १.५७ मिलिमीटरपर्यंत जाते. नव्वदच्या दशकात टिटॅनियम आले आणि हेड्स वाढत गेली ती या कारणाने. क्राउनवर, म्हणजे हेडच्या वरच्या भागावर, कार्बन फायबर वापरण्यामागेही हाच हिशेब आहे: वरचे वजन वाचवायचे आणि ते फेसला, कडेला आणि मागे द्यायचे.

ड्रायव्हरच्या फेसला मात्र नियमांनी वरूनही बांधले आहे. फेसने चेंडू किती उसळावा याला मर्यादा आहे. लोलकाने फेसवर लहान धातूचा गोळा आदळवून संपर्काचा काळ मोजतात आणि तो २३९ मायक्रोसेकंद, अधिक १८ मायक्रोसेकंदांची सवलत, यापुढे चालत नाही. त्यामुळे मध्यावर फेस तीन मिलिमीटरच्या आसपास जाड आणि कडेला त्याहून पातळ ठेवतात, म्हणजे मध्य मर्यादेत राहतो आणि कडेला लागलेला फटकाही फार मंद पडत नाही. पण कडेला पातळ केले की वाकण तिथेच एकवटते, आणि पूर्वी वेल्डही तिथेच असे. वेल्डशेजारचा तापलेला पट्टा हा कोणत्याही जोडकामात कमकुवतच. ‘कप फेस’ हा त्यावरचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपाय आहे. फेसची प्लेट कडेने वळवून वाटीसारखी मागे नेतात आणि वेल्ड क्राउन व सोलवर, कडेपासून काही अंतरावर येतो. कडेची वाकणारी जागा अखंड धातूची राहते. २०१७ मध्ये कॅलवे कंपनीने फेसच्या मागे क्राउन आणि सोल यांना जोडणारे दोन टिटॅनियमचे दांडे बसवले, त्यामागचा विचारही जवळचा आहे: क्राउन आणि सोल फुगण्यात जाणारी ऊर्जा आणि ताण आवरायचे, म्हणजे फेस पातळ करता येतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तबली, म्हणजे सतारीच्या भोपळ्यावरची लाकडी फळी, तासताना पाहिलेत तर फेसचे काम तुम्हाला लवकर समजेल. तबली जाड राहिली तर वाद्य दबलेले वाजते. ती पातळ केली तर आवाज खुलतो, पण अति पातळ झाली तर तारांचा दाब घेणाऱ्या घोडीखाली ती बसते. कारागीर बोटाने ठोकून ऐकत ऐकत कुठे थांबायचे ते ठरवतो. आपल्याकडे अल्ट्रासोनिक जाडीमापक आहे. तुम्ही तो वापरला नाही, हे मला खटकले. रेखाटनात १.९ लिहिले म्हणून ओतलेला फेस १.९ येतोच असे नाही. वॅक्सचे आकुंचन, शेलचे फुगणे आणि शेवटचे ग्राइंडिंग या तिन्ही टप्प्यांवर जाडी बदलते. खालच्या कडेला पॉलिश करणाऱ्याने ०.१ मिलिमीटर जास्त काढला असेल, तर खाचेखाली १.३५ उरले असतील.

दुसरे हेड करताना मी असे करेन. होझेल परत १३.५ वर आणा आणि मुळाशी किमान तीन मिलिमीटरची गोलाई द्या. वाचलेले सात ग्रॅम फेसला परत द्या. फेस मध्यावर २.३ आणि खालच्या कडेला उतरत्या जाडीने २.८ पर्यंत ठेवा. सर्वांत खालची खाच सोलच्या गोलाईपासून निदान तीन मिलिमीटर वर घ्या आणि प्रत्येक खाचेच्या तळाला ०.२ मिलिमीटरची गोलाई असेल असे वॅक्सच्या डायमध्येच करून घ्या. गेट सोलवर द्या, एजिंग ५५० अंशांला करा आणि पहिल्या तीन हेड्सचे एक्स-रे काढल्याशिवाय चेंडू मारू नका.

तडकलेले हेड मात्र फेकू नका. चीर पुढे कापून दोन्ही भाग वेगळे करा, पण तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासू नका, हाताने पुसू नका आणि तेल लावू नका. मग दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. थकव्याने वाढलेल्या चिरेत बहुधा शिंपल्याच्या पाठीसारख्या वक्र रेषा दिसतात आणि त्या सगळ्या एका बिंदूकडे वळतात. तो बिंदू समोरच्या बाजूला, खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात असेल, तर आधी खाच आणि जाडी बदला. गेट आहे तिथे राहिला तरी दुसरे हेड बरेच टिकेल. तो बिंदू आतल्या बाजूला एखाद्या काळपट, खडबडीत पोकळीपाशी असेल, तर जाडी कितीही वाढवली तरी उपयोग होणार नाही, आधी गेट बदलावा लागेल. त्या पृष्ठभागाचे छायाचित्र आणि ओतताना हेड ट्रीवर (मेणाच्या प्रतिकृती जोडतात त्या मधल्या खांबावर) कोणत्या बाजूने, कोणत्या कोनात लावले होते याचे रेखाटन पाठवलेत, तर सोलवर गेट नेमका कुठे आणि किती रुंद द्यावा ते मी काढून देईन.